गुडघ्याखालचं बक्कल

माझा गारमेंट्सचा बिझनेस कधीच नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको. मी टेलर आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडकडून येताना डाव्या हाताला, आठ बाय दहाच्या दुकानात बावन्न वर्षं मी कपडे बेतले आणि शिवले. पॅन्ट, शर्ट, लग्नाचे कोट, शाळेचे गणवेश. आणि लहान मुलांचे सूट. मुलांच्या सुटासाठी दोन-दोन तालुके ओलांडून लोक माझ्याकडे यायचे. माझं शिक्षण चौथी. पण साडेतीन वार कापडात थोराचा कोट आणि पोराची पॅन्ट कशी बसवायची हे कुठल्या कॉलेजात शिकवत असतील तर मला दाखवा.

हे सगळं रागानं लिहितोय. राग आहे म्हणूनच लिहितोय.

गेल्या वर्षी बायको गेली आणि मुलाने मला इथे, हॉलंडमधल्या फेल्डहोवनला आणलं. तो इथे मोठ्या मशीनच्या कंपनीत इंजिनियर आहे. सून पुण्याची. आली तेव्हा नुसती त्याच्या व्हिसावर आली होती, आता तीही नोकरीला जाते. नातू बारा वर्षांचा. घर चांगलं आहे, पाठीमागे बाग आहे, दारात चार सायकली. तक्रार त्याची नाही.

आल्यावर पंधरा दिवसांत मुलाने चार मराठी कुटुंबं जेवायला बोलावली. सगळे त्याच्यासारखेच, पुण्या-मुंबईचे, कॉम्प्युटरवाले. एकाने मला अदबीनं विचारलं, ‘काका, आपण काय करत होता?’ मी घास गिळेपर्यंत मुलगा बोलून मोकळा झाला, ‘अण्णांचा गारमेंट्सचा बिझनेस होता. आता रिटायर्ड.’

सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पनीरची भाजी पुढे सरकवली.

लोक गेल्यावर मी त्याला धरलं.

‘मी गारमेंट्सवाला कधी झालो रे?’

‘अण्णा, तसं म्हणतात इकडे.’

‘आणि टेलरला काय म्हणतात इकडे? टेलर नसतात का? सगळे उघडे फिरतात?’

‘तुम्ही आता सुरू करू नका हं.’

‘व्हिसाच्या कागदावरही हेच लिहिलंस तू. सूनबाईने वाचून दाखवलं मला.’

तो भांडी धुण्याच्या मशीनमध्ये ताटं लावत राहिला. एकेक ताट असं जपून ठेवत होता की जणू काचेचं आहे. पाठमोरा. हे पाठमोरं होणं मला ठाऊक आहे. सातवीत असताना तो पहिल्यांदा असा पाठमोरा झाला.

तेव्हा शाळा सुटली की तो दुकानात यायचा आणि मापं लिहायचा. आमच्या धंद्यात माप घेणारा एक आणि लिहिणारा एक. माप घेणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगायचा, लिहिणाऱ्याने तोच आकडा मोठ्याने परत म्हणायचा आणि मग वहीत लिहायचा. छाती अठ्ठावीस. अठ्ठावीस. बाही सव्वाएकोणीस. सव्वाएकोणीस. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझ्या वस्तादांचा नियम. ऐकण्यात चूक झाली की कापडाचा खून होतो. माझा मुलगा काय खणखणीत म्हणायचा! गिऱ्हाइकं हसायची कौतुकानं.

एके दिवशी त्याच्याच वर्गातला डॉक्टरांचा मुलगा गॅदरिंगसाठी सूट शिवायला आला. माझी कंबर तेव्हा धरली होती. मी म्हणालो, बाळा, जरा खाली बसून त्याच्या पॅन्टची उंची घे. तो गुडघ्यावर बसला, वर्गमित्राच्या बुटापाशी टेप धरली. आकडा सांगितला तो मला ऐकूच आला नाही, इतका बारीक. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग कधीच नाही. त्याची आई म्हणाली, अभ्यास असतो त्याला. मी म्हणालो, असू दे. पण मला सगळं कळलं होतं. त्या वर्षीच्या दिवाळीला त्याने रेडीमेड मागितलं. माझ्या घरात! मी आणून दिलं, आणि त्या दिवसापासून जो राग धरला तो धरला.

आता नातवाच्या शाळेतल्या नाटकाकडे येतो.

इथे प्राथमिक शाळेचं शेवटचं वर्ष संपताना पोरं गाण्यांचं नाटक करतात. सगळे आईबाप, आजी-आजोबा बघायला जातात. नातवाच्या वर्गाचं नाटक होतं शंभर वर्षांपूर्वी इथून बोटीत बसून अमेरिकेला गेलेल्या लोकांचं. नातवाला मिळालेलं काम न्यूयॉर्कच्या बंदरावरच्या एका अमेरिकन पोराचं. चांगल्या घरचा पोर. चार वाक्यं आणि एक गाणं.

जेवताना सून म्हणाली, ‘ड्रेस आपला आपण आणायचाय. शंभर वर्षांपूर्वीचा अमेरिकन मुलगा. मी ऑनलाइन बघते.’

माझा हात ताटातच थांबला.

कारण शंभर वर्षांपूर्वीची अमेरिकन पोरं काय घालत होती हे या गावात मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणाला नसेल. बढाई मारत नाही. कारण सांगतो.

माझ्या वस्तादांनी तरुणपणी मिशनच्या दवाखान्यातल्या एका अमेरिकन मडमेकडे शिलाई केली होती. मडमेला तीन मुलगे. तिला दर वर्षी अमेरिकेतून पोस्टाने कपड्यांच्या चित्रांचं जाडजूड पुस्तक यायचं. नवं आलं की जुनं ती वस्तादांना द्यायची आणि चित्रावर बोट ठेवून म्हणायची, असं शिव. वस्तादांना इंग्रजी येत नव्हतं, मलाही येत नाही. पण चित्राला भाषा कशाला लागते? मी अकराव्या वर्षी वस्तादांकडे लागलो तेव्हा ते थकले होते, पण ती पुस्तकं लोखंडी ट्रंकेत होती, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ते एक पान उघडायचे आणि मला म्हणायचे, हा कोट खाकी कागदावर काढ. चुकलं की फूटपट्टी बोटांवर.

वर्षावर वर्ष लावून ती पानं मी पाहिली. सगळ्यात जुन्या पुस्तकात पोरांची पॅन्ट गुडघ्यापर्यंत, सरळ आणि घट्ट. धाकट्यांना खलाशासारखी मोठी कॉलर, पाठीवर चौकोनी पडणारी. मग दोन-तीन पुस्तकांनंतर पॅन्ट सैल झाली, फुगली, आणि गुडघ्याच्या खाली चुण्या घेऊन पट्टीत बांधली गेली. पट्टीला बाहेरच्या बाजूला छोटं बक्कल. त्यावर लांब कोट. पुढे कापड दुमडून केलेल्या दोन उभ्या चपट्या प्लेटा, खांद्यापासून खाली, आणि त्याच कापडाचा कंबरपट्टा प्लेटांच्या खालून गेलेला. तो पट्टा बसवणं म्हणजे परीक्षा. प्लेट जराशी हलली की कोट रडतो. आणखी पुढे प्लेटा गेल्या, मग पुढचा पट्टा गेला, फक्त पाठीवर अर्धा उरला. कोट आखूड झाला. पॅन्ट मात्र गुडघ्याखाली बक्कलातच. लांब पॅन्ट मोठं झाल्यावर. आपल्याकडेही तेच नव्हतं का? आठवी-नववीपर्यंत हाफ पॅन्ट, आणि पहिली फुल पॅन्ट घातली की पोरगा गल्लीतून मुद्दाम दोन वेळा चालायचा. जगात सगळीकडे पोराचा बाप्या व्हायचा तो टेलरच्या हातून.

ही विद्या माझ्या हातात होती, आणि माझी सून मोबाइलवर बोट फिरवत होती.

‘मी शिवतो,’ मी म्हणालो.

मुलगा म्हणाला, ‘अण्णा, एका संध्याकाळचा प्रश्न आहे. कशाला त्रास?’

‘त्रास मला होणार ना? तुला कुठे होतोय?’

‘पण मशीन नाही, कापड नाही.’

‘कात्री आहे.’

कात्री मी आणली होती. बारा इंची, वस्तादांची. येताना सामानात टाकली तेव्हाही त्याने तोंड वाकडं केलं होतं.

नातू मध्येच म्हणाला, ‘आबा, can you really make it?’

त्या पोराला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र कधी मराठीत, कधी इंग्रजीत, कधी इथल्या भाषेत. मी म्हणालो, ‘बघशील.’

मला एकच गोष्ट हवी होती. नातवाने माझ्या हातचा सूट घालून त्या स्टेजवर उभं राहावं, आणि कुणी विचारलं तर माझ्या मुलाने चारचौघांत तोंडाने सांगावं, हे माझ्या बापाने शिवलं, माझा बाप टेलर आहे. बस. एवढ्या एका वाक्यासाठी मी कंबर कसली.

तरी सुनेने ‘असू दे एक, जवळ’ म्हणून ऑनलाइनवालं मागवलंच. तीन दिवसांत प्लॅस्टिकच्या पिशवीत आलं. मी उघडलं आणि माझं डोकं फिरलं. पॅन्ट लांब, घोट्यापर्यंत! बारा वर्षांच्या पोराला! वेस्टकोट शर्टालाच शिवलेला, त्यावर खोटी बटणं, उघडतच नाहीत. रेघा विणलेल्या नाहीत, छापलेल्या. वास रॉकेलचा. आणि मापाच्या जागी काय, तर पोराची उंची. सेंटिमीटरमध्ये. इथे सगळीकडे असंच आहे म्हणे, पोराच्या उंचीचा आकडा हेच कपड्याचं माप. म्हणजे छाती नाही, आसन नाही, खांदा नाही. उंच पोर बारीक असतं, बुटकं पोर जाड असतं, याची खबरच नाही यांना! मी ते पिशवीत कोंबलं आणि पिशवी जिन्याखाली भिरकावली. सून हसत म्हणाली, ‘अण्णा, त्याने काय केलंय तुमचं?’ मी म्हणालो, ‘त्याने नाही, ज्याने शिवलं त्याने केलंय.’

इथे जुन्या वस्तूंची मोठमोठी दुकानं असतात, क्रिंगलोप म्हणतात. सुनेने मला तिथे नेलं, ते मात्र तिचे उपकार. एका कोपऱ्यात हाताने फिरवायचं काळं शिलाई मशीन होतं. चाक फिरवलं, सुई खाली-वर झाली. घेतलं. आणि कपड्यांच्या रांगेत एका डच माणसाचा लोकरी सूट लटकत होता, तपकिरी, हेरिंग माशाच्या काट्यासारख्या बारीक विणीचा. तो माणूस साडेसहा फुटी असावा, आणि बहुतेक मेलेला, कारण जिवंत माणूस असा सूट टाकत नाही. कापड हातात घेतलं आणि मला बरं वाटलं. फार दिवसांनी.

चार दिवस तो सूट उसवत बसलो. टाके ब्लेडने एकेक. आत शिवणाऱ्याने खडूच्या खुणा ठेवल्या होत्या, त्या अजून दिसत होत्या. तोही कुणीतरी होता. त्याच्या मुलाने लोकांना काय सांगितलं असेल कुणास ठाऊक.

आता इथे जी चूक झाली ती लिहितो. लिहायला जड जातंय.

माप घ्यायला टेप काढली तर मुलगा म्हणाला, ‘अण्णा, त्याचे मित्र आलेत खाली. त्यांच्यासमोर त्याला उभा करून टेप लावू नका, प्लीज.’ मला झोंबलं. तेच जुनं! मी टेप घडी करून खिशात टाकली. म्हणालो, ‘मला टेप लागत नाही.’

आणि खरंच लागायची नाही. दुकानाच्या पायरीवर पोरगं चढलं की मी बाकावरून आकडा सांगायचो. मग टेप लावून बघायचे, अर्ध्या इंचाचा फरक नाही. लोक पैज लावायचे माझ्यावर. तर मी नातवाला नजरेने मापला. जेवताना, सोफ्यावर लोळताना, सायकलवर येता-जाता. छाती, खांदा, बाही, कंबर, आणि गुडघ्याखालपर्यंतची पॅन्ट. स्वतःच सांगितलं, स्वतःच परत म्हटलं, स्वतःच लिहिलं.

बेतलं. शिवलं. प्लेटा अशा बसल्या की वस्ताद असते तर फूटपट्टी बाजूला ठेवली असती. काज सगळी हाताने. अस्तर त्याच मेलेल्या माणसाच्या कोटाचं. दिवस जात होते आणि सून रोज टोचायची.

‘अण्णा, सोमवारी ट्रायल म्हणाला होतात. आज बुधवार.’

‘होतंय.’

‘टेलरचा वायदा तो हाच का?’

‘सूनबाई, तुझ्या पुण्यातल्या टेलरांची सवय लावू नको मला.’

नाटकाच्या तीन दिवस आधी ट्रायल झाली. नातवाने कोट घातला. खांदे पाण्यासारखे बसले. प्लेटा सरळ. पट्टा जागेवर. मी मनात म्हणालो, बघ, टेप लागते का! मग पॅन्ट घातली. बक्कल लावायला मी खाली वाकलो, आणि बक्कल गुडघ्याच्या वर होतं.

जिथे हवं होतं त्याच्या चांगलं अडीच इंच वर. फुगलेल्या पॅन्टमधून दोन काटकुळे गुडघे बाहेर आले होते.

नातू आरशात बघून म्हणाला, ‘आबा, हे तर क्लूटरचं आहे.’ क्लूटर म्हणजे इथे बालवाडीतलं पोर.

मुलगा दारात उभा होता. त्याने तोंडावर हात ठेवला. हसू दाबायला की कशाला, मला माहीत नाही. मला ते हसूच वाटलं.

‘ही पण स्टाइल आहे,’ मी म्हणालो. ‘अमेरिकेत धाकटी पोरं अशी आखूड घालायची. पुस्तकात आहे.’

‘पण आबा, मी धाकटा नाही.’

‘तुला काय कळतं?’ मी त्याच्यावर ओरडलो. त्या पोराचा काय दोष? पण ओरडलो.

खोलीत येऊन दार लावलं आणि पॅन्ट मांडीवर घेऊन बसलो. कारण लगेच समजलं. माझ्या दुकानाच्या पायरीवर पोरं चालत यायची, उभी राहायची. हा पोरगा मी उभा कधी बघितला होता? हा सोफ्यावर नाहीतर सायकलवर. बसलेला, वाकलेला, गुडघा दुमडलेला. आणि इथली पोरं पायातच वाढतात, दूध पिऊन आणि सायकल मारून. माझी नजर आपल्याकडच्या पायांवर तयार झालेली. पाय बदलले, नजर जुनीच. बावन्न वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की सूनबाई दारावर टकटक करून गेली.

पण एक गोष्ट माझ्या हाताने नजरेला न विचारता केली होती. पोराचा कपडा वाढत्या अंगाचा बेतायचा. खाली, बाह्यांना, कंबरेला, आत दुमडून कापड सोडायचं. पुढच्या वर्षी उसवलं की लांबी मिळते. मी कधी पोराचा कपडा याशिवाय शिवलेला नाही. नाटकाच्या एका संध्याकाळच्या सुटाला त्याची काय गरज? काही नाही. पण हात सवयीने करून गेला होता. आत तीन इंच होते.

पट्टी उसवली, चुण्या सोडल्या, कापड उघडलं, पुन्हा चुण्या घेतल्या. बक्कल गुडघ्याखाली आलं. पण दुमडीची जुनी रेघ कापडावर राहिली. व्हिनेगरच्या पाण्यात फडकं भिजवून, वर ठेवून इस्त्री फिरवली. तीनदा. रेघ फिकट झाली, गेली नाही. लांबून दिसत नव्हती. मला दिसत होती.

नाटकाच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये मी तिसऱ्या रांगेत बसलो. एका बाजूला सून, दुसऱ्या बाजूला मुलगा. गाणी चालली होती, बोट आली, लोक रडले, मला भाषा कळत नव्हती. मग नातू आला. हातात वर्तमानपत्र, डोक्यावर टोपी. बाकीच्या पोरांच्या अंगावर ते प्लॅस्टिकच्या पिशवीतलंच होतं, चमकत होतं दिव्यात. माझ्या नातवाचा कोट चमकत नव्हता. तो त्याच्या अंगावर बसला होता, बस. चालला की प्लेटा उघडायच्या, थांबला की मिटायच्या. मागच्या रांगेतली एक बाई काहीतरी पुटपुटली. सून माझ्या कानात म्हणाली, ‘अण्णा, त्या म्हणतायत, खऱ्या फोटोतून आल्यासारखा दिसतोय.’ छाती वर झाली एवढं खरं.

नाटक संपलं. कॉफी, केक. नातवाच्या वर्गाची बाई, युफ म्हणतात तिला इथे, उंच, पिकल्या केसांची, सरळ आमच्याकडे आली. नातवाचा खांदा धरून सुटाकडे बघत मुलाला काहीतरी विचारलं. मला वाटलं, आता. आता तो सांगणार.

मुलगा हसत तिच्या भाषेत बोलला. दोनच वाक्यं. त्यातला एकच शब्द मला कळला, इंडिया. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मी नातवाला विचारलं, ‘काय म्हणाला तुझा बाप?’

पोरगं गडबडलं. बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग खाली बघून म्हणालं, ‘बाबा म्हणाला, it came from India.’

माझ्या डोक्यात काय झालं ते सांगता येत नाही. मी ओरडलो. मराठीत, त्या हॉलमध्ये, कॉफीचे कप घेऊन उभ्या असलेल्या माणसांसमोर.

‘इंडियातून आला? कुठल्या बोटीने आला रे? तुझ्या घरात, तुझ्या डोळ्यांसमोर वीस दिवस चाक फिरवत होतो मी! तुला दिसलो नाही? सातवीपासून तुला मी दिसत नाही!’

‘अण्णा, हळू. लोक बघतायत.’

‘बघू देत! कोट काढ,’ मी नातवाला म्हणालो.

त्याने कोट काढला. मी तो उलटा केला आणि बाईंच्या समोर धरला. अस्तर, काज, हाताचे टाके. ‘सांग तिला,’ मी म्हणालो, ‘हे कुणी शिवलं सांग.’

नातू बोलला. सरळ उभा राहून, त्याच्या चार वाक्यांपेक्षा मोठ्या आवाजात. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, एका काजावरून बोट फिरवलं, दोन पालकांना हाक मारली. ती माणसं कोट हातात घेऊन बघू लागली. मुलगा बाजूला झाला. पाठमोरा.

मग बाई खाली वाकली, नातवाची पॅन्ट बघायला. गुडघ्यापाशी. बक्कलाला हात लावला, आणि तिथेच बोट थांबवून वर बघत काहीतरी विचारलं.

नातू म्हणाला, ‘आबा, ती विचारते ही रेघ कसली? तेव्हा अशी स्टाइल होती का?’

हो म्हणालो असतो तर झालं असतं. इथे कोण तपासायला येणार होतं? शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेचा या हॉलमधला एकमेव साक्षीदार मीच. माझा मुलगा तिकडे भिंतीकडे तोंड करून उभा होता, पण त्याचे कान इकडेच होते. मला ते पाठीवरून कळत होतं. आणि मला एकदम स्वतःचीच चीड आली. मी याच्याकडून काय मागत होतो इतके दिवस?

‘सांग तिला,’ मी म्हणालो, ‘स्टाइल नाही. आबाचं माप चुकलं. टेप लावली नाही, नजरेने घेतलं, आणि अडीच इंच आखूड झालं. मग उसवून वाढवलं. ती त्याची रेघ आहे.’

नातवाने मला विचारलं, ‘सगळं सांगू?’

‘सगळं.’

त्याने सांगितलं. बाई हसली, मान डोलावली, माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाली. ते मी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर माझं माप चुकलं असं म्हणालो होतो, आणि कान जळत होते.

गाडीतून घरी निघालो. नातू मागे तसाच सूट घालून बसला होता, काढायला तयार नव्हता. घराजवळ आल्यावर मुलगा समोर बघतच म्हणाला, ‘अण्णा, मी सांगणार होतो.’

‘कधी?’

त्याने गाडी दारापाशी लावली. राग तेवढाच होता. एका संध्याकाळीत विरेल एवढा हलका राग मी पोसलेला नाही.

रविवारी सकाळी नातू माझ्या खोलीच्या दारात आला. नव्या शाळेत जायचं होतं त्याला सुट्टीनंतर, आणि त्याला माझ्याकडून लांब पॅन्ट शिवून हवी होती. ‘आबा, खरी. फुल पॅन्ट.’ मेलेल्या माणसाच्या सुटाचं कापड अजून उरलं होतं.

मी म्हणालो, ‘चल खाली. उभा राहा. टेबलाला टेकू नको, गुडघे सरळ. हलू नको.’

स्वयंपाकघराशेजारच्या मोठ्या टेबलावर मुलगा लॅपटॉप उघडून बसला होता. आमच्याकडे त्याची पाठ. मी टेप काढली. गुडघ्यावर बसलो. कंबर ठणकली, पण बसलो. नातवाच्या घोट्यापाशी टेपचं टोक धरलं, वर नेलं, आणि सवयीने मोठ्याने म्हणालो,

‘उंची साडेसदतीस.’

म्हटल्यावर लक्षात आलं की लिहायला कुणी नाही. पेन्सिल कानावर अडकवलेली, वही वर खोलीत.

लॅपटॉपची बटणं वाजायची थांबली.

‘साडेसदतीस,’ मुलगा म्हणाला. आवाज जाड झाला आहे आता त्याचा, पण खणखणीत. वळून नाही बघितलं त्याने.

मी टेप सरकवली. ‘कंबर सव्वापंचवीस.’

‘सव्वापंचवीस.’

‘नुसतं म्हणू नको,’ मी ओरडलो. ‘लिही!’

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो कागद शोधत होता.